लिहून घेणार अक्का

त्या सकाळी भोरातून निघताना मी गाडीची किल्ली घरात विसरलो, मग हेल्मेट विसरलो आणि शेवटी बायकोलाच विसरून निघणार होतो. ती फाटकात उभी राहून म्हणाली, "लग्नाला निघाल्यासारखं काय करताय? कचेरीत जायचंय." मी म्हटलं, लग्नाला निघताना तरी एवढी घाई कुठं होती! मग कापूरहोळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

मला धीर म्हणून नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी कारणही तसंच होतं. विंझरचं आमचं भाताचं खाचर मी माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, एकटीच्या नावावर करायला निघालो होतो. माझा अर्धा हिस्सा हक्कसोड पत्र करून तिला द्यायचा, वेल्ह्याच्या नोंदणी कचेरीत सह्या-अंगठे करायचे आणि दुपारच्या आत विंझरला जेवायला बसायचं, असा माझा बेत होता.

कामथडी आली तशी मी गाडी जोरात दामटली. अक्काचं सासर इथलं. लग्न इथंच झालं आणि नवऱ्यानं दुसरा संसार थाटल्यावर मोडलंही इथंच. ती माहेरी आली ती कायमची, आणि आली त्या पावसाळ्यापासून खाचर तिच्याच हातात गेलं. रोपांचा तरवा टाकणं, लावणी, बेणणी, कापणी, झोडणी, सगळं तिचं. वडील बांधावर बसून सूचना द्यायचे आणि अक्का त्यातली एकही न ऐकता उत्तम पीक काढायची. मी भोरात नोकरी करायचो आणि नवा तांदूळ भरला की पोतं न्यायला वेळेवर हजर व्हायचो.

आई आधीच गेली होती. मग वडीलही गेले, आणि दहाव्याच्या घाटावरच भावकीनं माझ्या कानाला लागायला सुरुवात केली. "अक्काची सही घेऊन टाक. लांबवू नको." आमच्याकडं ही रीतच आहे. बाप गेला की बहिणींनी हक्कसोड करून द्यायचं, भावानं त्यांना साडीचोळी करायची, पुरणपोळीचं जेवण घालायचं, म्हणजे माहेर शाबूत राहिलं असं समजायचं. जी सही करत नाही तिला पुढच्या दिवाळीला कुणी बोलवत नाही. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. खरं सांगायचं तर मलाही फारसं वाटलं नव्हतं.

वाटलं ते त्या गाडीवाल्या एजंटामुळं. पुण्याकडून जमिनी बघायला येतात, त्यातलाच एक. अक्का गुडघाभर चिखलात तण बेणत होती आणि हा रस्त्यावरून ओरडला, "ओ मावशी, मालक कुठंय?" अक्कानं मान वर केली आणि सांगितलं, "मालक भोरला आसत्यात." वर माझा नंबरही दिला! त्या माणसानं मला फोन करून ही हकीकत हसत हसत सांगितली, "बाई लई साधी आहे हो तुमची." मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. फोन ठेवला तरी माझे कान तापलेले होते. मी उद्या विकायचं म्हटलं असतं, तर अक्कानं खुरपं धुऊन ठेवलं असतं आणि चुलीपुढं जाऊन बसली असती. जाणार कुठं?

दुसऱ्याच दिवशी मी भोरात वकिलांकडं जाऊन बसलो. मृत्युपत्र नसलं तर काय? मुलगा आणि मुलगी, दोघांना सारखा वाटा. लग्न झालेली असली तरी? तरी. नवऱ्यानं टाकली तरी? वकील म्हणाले, त्याचा इथं काय संबंध! मग मी घाबरत विचारलं, माझा वाटा तिला द्यायचा तर माझी मुलं आडवी येतील का? त्यांनी खाचर कुणी घेतलं होतं ते विचारलं. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलं होतं. "मग ते तुमचं तुम्ही देऊ शकता. वाडवडिलांपासून आलेलं असतं तर वेगळा विचार करावा लागला असता. पण तोंडी देऊ नका, कागद नोंदवून घ्या." मला एवढा आनंद झाला की मी त्यांच्या टेबलावर हातच आपटला. त्यांचा चहा सांडला.

माझ्या कचेरीतल्या मित्रांनी मला वेड्यात काढलं. एकजण तर कळवळून म्हणाला, "अरे, सातबारावरून नाव गेलं की तू शेतकरी राहणार नाहीस! उद्या कुठं जमीन घ्यायची म्हटलंस तर?" मी म्हटलं, मी शेतकरी होतो कधी? बायकोला विचारलं तेव्हा ती भाजी निवडत होती. "तांदूळ मिळणार ना पूर्वीसारखा?" एवढंच तिनं विचारलं. मग हसून म्हणाली, "द्या. आणि साक्षीदार म्हणून माझी सही घ्या, म्हणजे पुढं मला बोलायला नको."

वेल्ह्यात पोचलो तर अक्का आणि शेजारचे आबा, आमचे दुसरे साक्षीदार, एसटीनं येऊन आमची वाट बघत होते. तोरणा उन्हात लख्ख दिसत होता. अक्कानं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि मांडीवर एक कापडी पिशवी घट्ट धरली होती. बायको पिशवी घ्यायला गेली तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे, माझ्यापाशीच ऱ्हाऊ दे."

कागद करणाऱ्याचं दुकान कचेरीसमोरच होतं. त्याला मी आधी फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं, त्यानं मजकूर तयारच ठेवला होता. मी गट नंबर तपासला. चतुःसीमा तपासल्या. पूर्वेला ओढा लिहिलाय ना? लिहिलाय. वडिलांच्या नावातला काना तपासला. दुकानदार म्हणाला, "सायेब, एवढं कुनी बघत न्हाई." मी फुशारून गेलो. मग जिथं जिथं त्यानं पेन्सिलीनं फुली केली होती तिथं तिथं आम्ही सह्या करत गेलो. अक्का चौथी शिकलेली, ती सावकाश, कागदाकडं नीट बघत सही करत होती. मी तिला घाई करत होतो.

कचेरीत आमचा नंबर आला. दुय्यम निबंधक एक बाई होत्या, कामात चोख. मी आबांना उत्साहानं सांगत होतो की आता अक्काला पीकविमा स्वतःच्या नावानं भरता येईल, विहिरीसाठी अर्ज करता येईल. तेवढ्यात मॅडमनी अक्काला विचारलं, "ताई, तुम्ही तुमचा हक्क राजीखुशीनं सोडताय ना? कुणाचा दबाव नाही ना?"

अक्का म्हणाली, "न्हाई मॅडम. राजीखुशीनं."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग बायकोनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी उभाच राहिलो. "ती कुठं सोडतेय? मी सोडतोय! थांबा, थांबा!" मी एवढा मोठ्यानं ओरडलो की रांगेतली माणसं आत डोकावली. मॅडमनी माझ्याकडं बघितलं, अक्काकडं बघितलं आणि थंडपणे म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही जरा बाहेर थांबा." त्यांना वाटलं, बहिणीला दमात घेणारा भाऊ तो हाच!

मी खरोखरच बाहेर थांबलो, दारातून आत मान घालून. बायकोनं सगळा उलगडा केला. कागदावर 'लिहून देणार' म्हणून अक्काचं नाव होतं आणि 'लिहून घेणार' म्हणून माझं. सगळ्या जगाचं असतं तसं. मॅडमनी कागद परत दिला आणि पहिल्यांदाच हसल्या. "नवीन करून आणा. माझ्या सही-शिक्क्याआधी कळलं म्हणून बरं. आणि कचेरी बंद व्हायच्या आत या."

दुकानदारानं कपाळावर हात मारला. "सायेब, आजवर भनीनंच भावाला लिहून दिलंय. तुमी सांगितलं व्हतं, पर हात रोजच्यासारखाच चालला." मी त्याच्यावर भडकणार होतो. पण मला एक वेगळाच प्रश्न छळत होता. मी अक्काकडं वळलो. "अक्का, तू हो का म्हणालीस? तुला कळलं नाही?"

"कळलं की," ती म्हणाली. "सही करतानाच वाचलं व्हतं म्या. देनार म्हनून माझं नाव, घेनार म्हनून तुझं."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हनलं, तुझा इचार बदलला आसंल. पोरंबाळं हायेत तुला." तिनं पिशवीच्या बंदाला उगाच गाठ मारली. "समद्या बाया व्हयच म्हनत्यात हितं."

माझा सगळा उत्साह एका क्षणात खाली बसला. मला रडायला येत होतं आणि तिचा भयंकर रागही येत होता. सगळं जाणून, वाचून, तिनं खाचर मला देऊन टाकलं होतं, आणि चेहऱ्यावरची रेष हलू दिली नव्हती. मी तिला तिथंच, दुकानदारासमोर, चांगलं झापलं. ती ऐकून घेत राहिली. आबा म्हणाले, "आरं, आता भांडू नगा, ऊन कललंय."

आणि मग जी धावपळ झाली! नवा स्टॅम्प आणायला मी पळालो. मजकूर बदलून होतोय तोवर वीज गेली. वीज आली तर प्रिंटर रुसला. बायकोनं या खेपेला प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचली आणि 'लिहून देणार'पुढं माझं नाव आलं तेव्हा मला ते पुन्हा वाचायला लावलं. कचेरीत शिरलो तर सर्व्हर बंद. रांगेतली माणसं आमची गोष्ट ऐकून आमच्याच बाजूची झाली होती. एक म्हातारी अक्काला म्हणाली, "बाई, तुझा भाऊ येडा हाय का?" अक्का म्हणाली, "ल्हानपनापासनं."

सर्व्हर सुरू झाला तेव्हा सगळ्या खोलीनं हुश्श केलं. मॅडमनी मला विचारलं, "राजीखुशीनं सोडताय ना?" मी तीनदा हो म्हणालो. मग अक्काला कॅमेऱ्यासमोर बसवलं. तिनं पदर सारखा केला, अंगठा यंत्रावर दाबला आणि फोटो निघेपर्यंत श्वास रोखून धरला. ठसा उमटला. झालं! मी आबांना मिठी मारली. ते बिचारे दचकले.

विंझरला पोचेपर्यंत जेवणाची वेळ कधीच टळून गेली होती. अक्कानं वालाची उसळ टाकली, भात रटरटायला लागला. वाढण्याआधी तिनं पाट मांडला आणि मला म्हणाली, "बस हितं. तोंड उगवतीकडं कर." मी बसलो. तिनं ती दिवसभर सांभाळलेली पिशवी आणली आणि गाठ सोडली.

आत टॉवेल होता आणि पांढरी टोपी. कोरी, घडी न मोडलेली. आदल्या बाजारात घेऊन ठेवलेली. म्हणजे सकाळी तो उलटा कागद वाचून सही करताना हे सगळं तिच्या मांडीवरच होतं.

तिनं मला कुंकू लावलं, टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला. टोपी मोठी झाली, कानांवर आली. बायको तोंडाला पदर लावून हसत होती. "हक सोडला का मान करत्यात," अक्का म्हणाली. "आता ह्ये तुझं म्हायेर. सनावाराला बोलवीन, तवा यायचं. काम हाय म्हनून सांगायचं न्हाई. रिकाम्या हातानं लावून द्यायची न्हाई म्या." त्या टोपीखाली मी पोरासारखा रडलो आणि मग तसाच टोपी घालून दोन वेळा भात घेतला.

निघताना तिनं गाडीला तांदळाची पिशवी अडकवली. कामथडीला सासरी निघालेल्या अक्काला वडील दारातून दर वेळी एकच विचारायचे. मी गाडीला किक मारली, तेव्हा त्याच दारात, त्याच जागी उभं राहून अक्कानं मला विचारलं, "आता परत कदी येनार?"

"बोलावशील तेव्हा," मी म्हटलं.