तिच्या हातची काडी

कशेळ्याला अजून मोटार येत नव्हती, तेव्हाची गोष्ट. बाजाराच्या दिवशी कर्जतची बैलगाडी जुंपेपर्यंत मी एका पत्रावळीवालीजवळ बसत असे. तिचं नाव कधी विचारलं नाही. पळसाची पानं जोडताना ती बांबूची काडी टोचायची आणि उरलेलं टोक कटकन मोडायची. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, ही मान ताठ ठेवूनच बोलायची.

एकदा एक खातापिता शेतकरी लेकीच्या लग्नासाठी पत्रावळी घेऊन गेला. तो दूर गेल्यावर ती म्हणाली, "ह्यो माजा पयला नवरा."

तिच्या जमातीत पंचांसमोर गवताची काडी मोडली, की नवराबायको मोकळी होत. तो मारायचा, म्हणून हिनेच मोडली होती.

मी विचारलं, "मावशी, पस्तावा होतो का?"

मला वाटलं, डोळ्यांना पदर लावेल. ती हसली.

"व्हतो तर! त्याच्या घरावर कौलं चढली, माज्या झोपडीवर गवतच हाय. दुसरीवर हातबी उगारत नाय म्हनं. पन दादा, काडी मी मोडली. ह्यो पस्तावाबी माजाच हाय, कुनी माज्या पदरात टाकलेला नाय."

मग तिने पुढचं पान घेतलं, काडी टोचली आणि टोक कटकन मोडलं.