नातीचा खुबा आणि माझं शून्य

ये गं, अशी माझ्याजवळ सरकून बस. एवढ्या लांब जाऊन बसलीस, मी काय चावते का तुला? आणि तो हात दाखव आधी. तुझ्या घरात पाऊल टाकल्यापासून बघतेय, ताट उचललंस ते डाव्या हातानं, केसांना चाप लावलास तोही डाव्याच हातानं. उजवा खांदा वर जात नाही ना? विचारलं की म्हणतेस, "काय नाही मावशी, जरा अवघडलाय." अगं, तू सांगलीत राहतेस, मिरज हाकेच्या अंतरावर, तिथं गल्लोगल्ली दवाखाने, आणि तू शाळेत फळ्यावर लिहिताना एका हातानं दुसऱ्या हाताला टेकू देतेस म्हणे! या 'काय नाही'चा मला आता लय राग येतो. कारण हे 'काय नाही' मीच शिकवलं होतं, आमच्या घरात, माझ्या नातीला.

आमचं गाव वडूजच्या पलीकडं. पाऊस कमी, माळ जास्त, आणि घरटी एक तरी माणूस फौजेत. आमचे हे फौजेतनं रिटायर होऊन आले, मुलगा अजून नोकरीवर आहे, सून त्याच्याजवळ, नात आमच्याकडं. भरतीच्या मेडिकलला जाताना सासऱ्यांनी ह्यांना आणि ह्यांनी मुलाला एकच गोष्ट पढवली होती. डॉक्टरनं विचारलं, काही त्रास? की ताठ उभं राहून म्हणायचं, नो सर. मुलगा अंगात ताप घेऊन उभा राहिला, तरी नो सर. झाला भरती. तेव्हापासून आमच्या घरात ते दोन शब्द म्हणजे ताईतच.

नात विशीची. तिला पोलीस भरतीचं वेड. सकाळी डांबरी रस्त्यावर ती पुढं पळायची आणि मागनं हे सायकलवर, गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ. बघणारे हसायचे. "सुभेदार, पोरीला भरती करताय का सायकलला?" म्हणायचे. हे म्हणायचे, "तुझ्या पोराला पाठव, दोगांलाबी दमवतो."

मग तिचं दुखायला लागलं. खाली बसून भाकरी थापायची आणि उठताना हात जांघेत. मांडी घालून जेवायला बसली की एक पाय हळूच लांब करायची. मी म्हटलं, शीर अवघडली असेल. तेल झालं, शेक झाला. वडूजला फोटो काढला तर तिथल्या डॉक्टरनं मिरजेला दाखवा म्हणून चिठ्ठी दिली.

एसटीनं निघालो आम्ही दोघी. विट्यापर्यंत बसली कशीबशी, पुढं सीट असून उभी. कंडक्टर म्हणाला, "पोरी, बस की, सीटला काय इंचू-इंगळ्या हायत व्हय?" ती हसली. मला हसू आलं नाही.

मिरजेचा डॉक्टर वयानं फार मोठा नव्हता, पण माणूस समजावून सांगणारा. मशीनमधले फोटो भिंतीवरच्या उजेडात लावले आणि म्हणाला, "आजी, खुबा म्हणजे वाटीत बसवलेला लाडू. हिचा लाडू पुरता गोल नाही, एका बाजूला जरा उंचवटा आहे. पाय जास्त दुमडला की तो वाटीच्या काठावर घासतो. काठाला रबरासारखी मऊ कड असते, ती आता फाटायला लागलीय." पुढं म्हणाला, की असल्या तरण्या, पळणाऱ्या-खेळणाऱ्या पोरापोरींच्या खुब्यांवर आणि खांद्यांवर त्याचं संशोधन चालू आहे. हिला त्यात घेऊ का?

मी सरळ विचारलं, "म्हंजे तुमी आमच्या पोरीवर परयोग करनार?"

"प्रयोग नाही आजी. जो उपचार द्यायचा तोच देणार. आधी व्यायाम, त्यानं नाही भागलं तर दुर्बिणीतनं ऑपरेशन. फक्त हिचं काय काय होतं ते लिहून ठेवणार. आमच्या पुस्तकांत बाहेरच्या देशातल्या फुटबॉल खेळणाऱ्या पोरांचे खुबे आहेत. आपली पोरं लहानपणापासून मांडी घालतात, उकिडवी बसतात, भरतीसाठी डांबरावर पळतात. त्यांच्या खुब्याचं काय होतं, ते नीट कुणी लिहिलेलंच नाही."

बोलणं पटलं मला. कागद मराठीत होता, तो मी ओळीखाली बोट धरून सगळा वाचला. नाव कुठंही येणार नाही, फक्त नंबर राहील, माहिती कुणाला देणार नाही, सगळं लिहिलं होतं. नातीनं सही केली.

दर पंधरा दिवसांनी दवाखान्यातल्या एका मुलीचा फोन यायचा. दुखणं शून्य ते दहात किती? मांडी घालता येते का? जिना चढता येतो का? पहिला फोन आला तेव्हा मी समोर शेंगा फोडत बसले होते. नात म्हणाली, "सहा." फोन ठेवला तशी मी तिच्या अंगावरच गेले.

"खुळी का काय गं तू? ह्यो कागद भरतीवाल्यांच्या हातात गेला म्हंजे? आन उद्या स्थळ आलं, चौकशीत निघालं पोरीच्या खुब्यात दोष हाय, म्हंजे?"

"आजी, तिथं नाव नसतं. नंबर असतो."

"नंबरावरनंच तर मानूस सापडतो! तुझ्या आजोबाला फौजेत काय नावानं हुडकत हुते?"

 पुढच्या फोनला पोरगी म्हणाली, दोन. त्याच्या पुढच्याला, शून्य. मी मान हलवली, शाबास.

आणि मला कळत नव्हतं असं म्हणू नकोस. त्याच दिवसांत मी तिला खाली बसून भाकरी करू देत नव्हते, ओट्यापाशी उभ्यानं करायला लावत होते. जेवताना स्टूल पुढं सरकवत होते. म्हणजे सगळं दिसत होतं मला. मी फक्त ते फोनवर जाऊ देत नव्हते.

तपासणीला गेलो तर डॉक्टर खूश. व्यायामानं गुण आला म्हणाला. पाय दुमडून बघितला, तिनं दात आवळून धरले आणि चेहरा असा ठेवला, जणू मेडिकलला उभी आहे. "हळूहळू पळायला हरकत नाही," म्हणाला. भरतीचं मैदान महिन्यावर आलेलं. ह्यांनी शिट्टी गळ्यात घातलीच.

चौथ्या की पाचव्या दिवशी हे तिला सायकलच्या कॅरियरवर बसवून घेऊन आले. आठशे मीटरचं शेवटचं वळण राहिलं होतं. पडली नाही म्हणे, रस्त्यातच खाली बसली आणि तिला उठता येईना. हे ओसरीवर उभे राहून म्हणाले, "येवढं दुखत हुतं तर बोलली का न्हाईस?" तिनं माझ्याकडं बघितलं.  तू सांग, ती ओरडली असती तर बरं नसतं का झालं?

पुन्हा मिरज, पुन्हा ते मशीन. कड आणखी फाटली होती. आता ऑपरेशनशिवाय इलाज नव्हता, आणि या वर्षीची भरती गेली. मग मीच बोलले. मीच शिकवलं म्हटलं, शून्य सांग म्हणून. डॉक्टरनं पेनचं टोपण लावलं. मग म्हणाला, "आजी, हिच्या शून्यावर मी उद्या दुसऱ्या पोरीलाही पळ म्हटलं असतं."

मला राग आला गं. त्याचा आला. म्हटलं, "आवं, तुमी येवढं शिकल्याला, तुमालाबी तोंड बघून कळाय नगं?" तो म्हणाला, "कळायला पाहिजे होतं. पण मी तिला विचारलं होतं, आजी, आणि तिच्या शब्दावर विश्वास ठेवला."  दवाखान्याचा जिना उतरेपर्यंत राग त्याच्यावर होता, एसटी स्टँडवर येईपर्यंत ह्यांच्या त्या शिट्टीवर, आणि घरी पोचेपर्यंत कुणावर ठेवावा ते कळेना. आता बाकीच्या घरांतल्या पोरांनीही डॉक्टरला काय काय सांगितलं असेल, देव जाणे. आमच्याकडं काय मी एकटीच शहाणी आहे का?

ऑपरेशन झालं त्याला दोन महिने झाले. कुबड्या सुटल्या. सकाळ-संध्याकाळ व्यायाम करते, वहीत लिहिते. पळणार का, डॉक्टरला विचारलं तर म्हणतो, बघू. पूर्वीसारखी पळेल असं छातीठोक सांगत नाही. पुढच्या भरतीला उभं राहायचं तर आधी हे 'बघू' संपलं पाहिजे. ते दवाखान्यातल्या मुलीचे फोन अजून येतात. आता नात उठून परसात जाते, पण बोलते एवढ्या मोठ्यानं की चुलीपर्यंत ऐकू यावं. "ताई, आज चार. काल जिना चढले तवा पाच हुतं." मी भाकरी परतत राहते.

माझ्याशी बोलते. म्हणजे मीठ कमी आहे, गरम पाणी दे, एवढं. भांडत नाही, हेच मला खुपतं. हे तिच्याशी भरतीवर बोलू बघतात तर ती पुस्तक उघडते. मैत्रिणी सगळ्या सरावाला मैदानावर. ही दिवसभर खिडकीपाशी, आणि घरात आम्ही दोन म्हातारी माणसं, तिच्या पायाकडं बघणारी.

म्हणून सांगते, तू ये. तुझ्याशी तिचं पहिल्यापासून जमतं. शाळेला सुट्टी लागेपर्यंत थांबू नकोस, या शनिवारीच विट्याची गाडी धर, फाट्यावर मी ह्यांना पाठवते. आलीस की मला बाहेर काढ खोलीतनं, दार लावून घ्या आणि माझ्या नावानं काय बोलायचं ते पोटभर बोला दोघी. मी चहा करते तोवर. पण ये गं बाई, लवकर ये.