कॅप्टन भूचालचा पहिला अंक

माझ्या साडभावाबद्दल माझ्या मनात कसलीही असूया नाही. हे मी बायकोला लग्नापासून सांगत आलो आहे, आणि ती लग्नापासून नुसतं "हाव" म्हणत आली आहे.

साडभाऊ म्हणजे शोभाच्या, माझ्या बायकोच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. अनिल. वणीजवळ राजूरला राहतो, कोळसा खाणीच्या ऑफिसात नोकरीला आहे. मी यवतमाळला एका कॉलेजात हेडक्लार्क. वयानं मी मोठा, हुद्द्यानं मी मोठा, जावई म्हणूनही मीच थोरला. पण सासुरवाडीला गेलो की सासूबाई मला विचारतात, "चहा घेता काय?" आणि अनिलला विचारतात, "अनिलराव, तुमच्यासाठी काय करू?" या दोन वाक्यांतला फरक ज्याला कळत नाही, तो नक्की धाकटा जावई असणार.

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे सासऱ्यांकडे जमलो होतो. फराळ चालू असताना अनिलनं पिशवीतून जुनी हिंदी कॉमिक्स काढली. एकेक अंक पारदर्शक पाकिटात, मागे पुठ्ठा लावलेला. मुखपृष्ठावर कॅप्टन भूचाल. आमच्या लहानपणचा हा महावीर. निळी विजार, लाल पट्टा, आणि टाच आपटली की जमीन दुभंगायची. (मीही घाटंजीत असताना पुष्कळ टाचा आपटल्या होत्या. दुभंगली ती चप्पल.)

"पुण्याचे एक डॉक्टर हे पाहाले खास राजूरले येऊन गेले," अनिल म्हणाला. "दातांचे डॉक्टर आहेत. जुने कॉमिक्स जमा करतात. हातमोजे घालून एकेक पान पाह्यलं त्यांनी."

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात कधी कुणाची स्तुती केलेली नाही. त्यांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत लावला आणि म्हणाले, "वा."

मी एक अंक उचलायला हात पुढे केला, तर चार जण एकदम ओरडले. माझ्या हाताला चिवड्याचं तेल होतं. अनिल नम्रपणे म्हणाला, "भाऊ, हात पुसून घ्या जी, मंग पाहा." तो नेहमीच नम्रपणे बोलतो. हीच तर त्याची खोड आहे.

"सारे अंक आहेत काय तुमच्यापाशी?" सासूबाईंनी विचारलं.

"एक सोडून सारे. पहिला नाही. पहिला अंक कोनापाशीच नाही. डॉक्टरसाहेब कितीक वर्सांपासून शोधून राह्यले." हे सांगताना अनिलचा चेहरा खरंच उतरला. "भूचालले ताकद कशी भेटली, ते पहिल्याच अंकात आहे. मी अजून वाचलंच नाही."

यावर कुठल्याही सज्जन माणसानं हळहळ व्यक्त केली असती. मी म्हणालो, "माह्यापाशी आहे."

सासूबाईंनी चकल्यांचं ताट अनिलसमोरून उचललं आणि माझ्यासमोर ठेवलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

परतीच्या वाटेवर शोभानं विचारलं, "खरंच आहे काय?"

"असन."

"म्हंजे नाही."

पण अगदीच खोटं नव्हतं ते. घाटंजीच्या आठवडी बाजारात गोणपाटावर पुस्तकं मांडून बसणाऱ्या एका माणसाकडून मी कॅप्टन भूचालचा एक अंक विकत घेतला होता, आणि त्याच संध्याकाळी तो वडिलांनी जप्त केला होता. वडील शाळामास्तर. जप्त केलेली वस्तू त्यांनी परत दिल्याचं उदाहरण गावात नव्हतं. पण फाडल्याचंही नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मी एसटीनं घाटंजीला गेलो. आई तिथं माझ्या धाकट्या भावाकडे राहते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांची पत्र्याची पेटी आईच्या पलंगाखाली अजून तशीच आहे.

"काहून उघडून राह्यला रे पेटी?" आईनं विचारलं.

"कॉमिक पाहून राह्यलो. लहानपणी बाबांनं जप्त केलतं ते."

"तुयी पोरगी कालेजात गेली अन् तुले आता कॉमिक पाह्यजे?"

पेटीत आमच्या गुणपत्रिका होत्या, दाखले होते, आणि अगदी तळाशी वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेला कॅप्टन भूचाल होता. अंक पहिला. रंग जसेच्या तसे. कोपरा नाही दुमडलेला, पान नाही फाटलेलं. इतका स्वच्छ अंक पाहून मलाच आश्चर्य वाटलं.

"लय जपे तुया बाप त्याले," आई म्हणाली. "शाळेतून आला का दुपारी वाचे. एकटाच हसे."

माझ्याकडून हिसकावलेलं पुस्तक ते स्वतः वाचून हसत होते, हे ऐकून मला वडिलांचाही जरा हेवा वाटला. माणूस एकदा जळायला लागला की नातं पाहत नाही.

अंकाचा फोटो काढून मी सासुरवाडीच्या फॅमिली ग्रुपवर टाकला. सासऱ्यांनी अंगठा पाठवला. सासूबाईंनी हात जोडलेले पाठवले. आणि पाच मिनिटांत अनिलचा फोन आला.

"भाऊ, तुम्ही कमाल केली. मी डॉक्टरसाहेबांले सांगतलं. ते येत्या रविवारी यवतमाळले येतात, तुमच्या घरी. फक्त एक ऐका. त्याले काहीच करू नका. हात नका लावू. डाग असला तरी पुसू नका. जसा आहे तसाच राहू द्या."

मी फोन ठेवला आणि विचारात पडलो. याचे अंक पाकिटात, पुठ्ठा लावून, नटूनथटून बसलेले. आणि माझा अंक मात्र जसा आहे तसाच. का? तर पुण्याचा पाहुणा आला की माझा अंक गबाळा दिसावा आणि याचे उठून दिसावेत. किती गोड बोलून माणूस दुसऱ्याचा काटा काढतो.

शोभाला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "तो चांगल्यासाठी सांगून राह्यला."

"तुले नाही समजत. जळते तो माह्यावर."

ती भाजी निवडत राहिली.

मुखपृष्ठावर भूचालच्या गालाजवळ पेन्सिलीची एक बारीक रेघ होती. ती मी खोडरबरानं खोडली. रेघ गेली. सोबत नाकही गेलं. गेलेलं नाक मी मुलीच्या रंगपेटीतल्या गुलाबी रंगानं पुन्हा काढलं. ते थोडं मोठं झालं. भूचालला सर्दी झाल्यासारखं दिसू लागलं, पण लांबून कळत नव्हतं.

आता प्रश्न पाकिटाचा. अनिलचं पाकीट मऊ प्लास्टिकचं होतं. त्याच्या वरचढ काय, तर कडक प्लास्टिक. मी अंक घेऊन आमच्या कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्या चंदूकडे गेलो. चंदू कुठल्याही कामाला नाही म्हणत नाही. एरवी हा त्याचा गुणच आहे.

"चंदू, याले असं कर का हजार वर्सं काही झालं नाही पाह्यजे."

"लॅमिनेशन करून टाकू ना सर. पाण्यात टाका, काही होत नाही."

"पुरं?"

"एकेक पान सुटं करा लागन. पिना काढतो. मधातून कापतो. कडा जराशा वाकड्या आहेत, त्याही सरळ करून देतो. अन् वरून स्पायरल मारू. एकदम प्रोजेक्ट रिपोर्टवानी दिसन."

प्रोजेक्ट रिपोर्ट. हेडक्लार्कच्या काळजाला हात घालणारा शब्द तो. मी स्टुलावर बसलो आणि चहा मागवला. आतून गरम प्लास्टिकचा वास येत होता आणि मला अनिलचा चेहरा दिसत होता.

काम सुंदर झालं. प्रत्येक पान आरशासारखं चमकत होतं. कडा सरळ करताना काही पानांवरचं एखाददुसरं अक्षर गेलं होतं, आणि पानांचे आकडे तर सगळेच गेले होते, कारण ते खाली अगदी कोपऱ्यात होते. पण चंदूनं पानं अंदाजानं लावली होती. मी घरी आणून अंक पाण्याच्या घमेल्यात बुडवूनही पाहिला. खरंच काही झालं नाही.

रविवारी अनिल सकाळीच आला. मला भेटायचं सोडून त्यानं आधी हात धुतले, पुसले आणि पंख्याखाली धरून वाळवले. थोड्या वेळानं डॉक्टरही आले. बारीक, शांत गृहस्थ. त्यांनी सोफ्यावर बसून पांढरे हातमोजे घातले, एक छोटं भिंग काढलं आणि म्हणाले, "हा अंक मी फक्त स्वप्नात पाहिला आहे. आणा."

मी आतून अंक आणला. जरीच्या रुमालाखाली झाकून, ट्रेमध्ये. रुमाल काढला.

डॉक्टरांनी पाहिलं. स्पायरलवरून बोट फिरवलं. एक पान उलटलं, ते 'खडाड' असं वाजलं. दुसरं उलटलं. मग त्यांनी भिंग खिशात ठेवलं, एकेक करून दोन्ही हातमोजे काढले, त्यांची नीट घडी घातली आणि शोभाला म्हणाले, "वहिनी, पाणी मिळेल का?"

त्या आवाजावरूनच मला कळायला हवं होतं. पण मी म्हणालो, "पाण्यानंही काही होत नाही साहेब, मी बुडवून पाह्यला."

ते ग्लासातलं सगळं पाणी प्यायले. "हे परत काढता येत नाही हो," ते हळूच म्हणाले. "प्लास्टिक ओढलं की शाई निघून येते. आठवड्यापूर्वी हा अंक, मला वाटतं, देशातला सर्वांत चांगला असावा." मग मुखपृष्ठाकडे बघून त्यांनी विचारलं, "नाक?"

"ते मी काढलं."

"हं," ते म्हणाले. दुखणारा दात नेमका सापडल्यावर ते पेशंटपुढे असंच म्हणत असावेत.

त्यांनी फोटो काढायची परवानगी मागितली. मी केस नीट केले आणि ट्रे हातात धरून उभा राहिलो. "नाही, तुम्ही नकोत. फक्त पानं. आमच्या संग्राहकांच्या बैठकीत दाखवीन. काय करू नये, ते नव्या लोकांना सांगावं लागतं." फोटो काढून, नमस्कार करून ते गेले. शोभानं केलेल्या पुरणपोळीला त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

आता अनिल. मी वाट पाहत होतो की तो ओरडेल, निदान मनातून तरी खूश होईल. मग मला त्याच्यावर रागवता आलं असतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"म्या सांगतलं होतं ना भाऊ," एवढंच तो म्हणाला.

"हाव. मले वाटलं तू जळून राह्यला."

"मी? तुमच्यावर?" त्याला खरंच आश्चर्य वाटलं. माझ्यावर जळण्यासारखं काय आहे, याचा त्यानं प्रामाणिकपणे विचार केला असावा, आणि त्याला काही सापडलं नसावं. सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लागलं ते हेच.

मग तो म्हणाला, "वाचू काय?"

खुर्ची ओढून तो डायनिंग टेबलाशी बसला आणि वाचू लागला. चंदूनं अंदाजानं लावलेल्या पानांमुळे कॅप्टन भूचाल आधी खाणीत गाडला जात होता आणि मग जन्माला येत होता. अनिलनं दहा मिनिटांत स्पायरल उलगडून पानांचा खरा क्रम शोधला. पुरणपोळी खात, तुपाच्या बोटांनी, तो एकेक पान उलटत होता आणि लहान मुलासारखा हसत होता. कुणी त्याला हात पुसा म्हणालं नाही. गरजच नव्हती.

जाताना मी तो अंक त्यालाच देऊन टाकला. शोभा माझ्याकडे बघतच राहिली. पुढचे चार दिवस मी घरात अतिशय उदार माणूस म्हणून वावरलो. पाचव्या दिवशी सासूबाईंचा फोन आला.

"अनिलरावांनं आम्हाले सारं पुस्तक वाचून दाखवलं. काय आवाज काढतात बाप्पा. मी तर हसून हसून पडलीच. तुमाले येते काय असं वाचता?"

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. आता मी दुसऱ्या अंकाच्या शोधात आहे. अनिलकडे तो आहे, हे मला माहीत आहे. पण त्याच्या अंकाचा एक कोपरा दुमडलेला आहे, हे मी दिवाळीत लांबूनच पाहून ठेवलं होतं. यवतमाळची सगळी रद्दीची दुकानं झाली, आता वणीची सुरू करणार आहे. अंक मिळालाच तर मी त्याला बोटही लावणार नाही, असं शोभानं माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं आहे. खाली माझी सही. साक्षीदार म्हणून तिनं अनिलची सही आणली.

काल तो कागद मी पुन्हा काढून पाहिला. सही त्याचीच चांगली आली आहे.