नऊपैकी आठ पहाटा

मी बावीस वर्षांची असताना आमच्या चर्चच्या मंडळीने मला दीड वर्षासाठी धर्मप्रचारक म्हणून फिलिपिन्सला पाठवलं. भिवंडीत आमच्यासारखी मराठी ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. आजोबा नगरकडून यंत्रमागाच्या, लूमच्या कामासाठी आले आणि इथलेच झाले. पप्पा लूम दुरुस्त करायचे. आई घरी बसून कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. शाळेतून आलं की मीही तिच्याशेजारी बसून तेच करायचे. माझ्या जाण्याचं सगळ्यात जास्त कौतुक शेजारच्या काकूंना. त्यांच्या घरी रोज बुद्धवंदना व्हायची, आणि माझ्या बॅगेत तिखट पुऱ्यांचा डबा त्यांनीच कोंबला. परक्या मुलखात कुणी विचारलं तर ठाणे जिल्हा सांग, भिवंडी कुणाला कळणार न्हाय, असंही त्यांनी बजावलं.

मला देशाच्या उत्तरेकडचं एक छोटं गाव मिळालं. नारळ, भातशेती, मोटरसायकलला डबा जोडून केलेल्या रिक्षा. आम्हाला नेहमी दोघींनी मिळून राहायचा नियम होता. माझी जोडीदारीण फिजी बेटावरची, माझ्याहून वीतभर उंच, आणि भात चढवतानाही गाणारी. सकाळी नऊला आम्ही बाहेर पडायचो, दारोदार जायचो, बोलायला वेळ आहे का विचारायचो. गंमत अशी की त्या गावात घरोघरी येशूची तसबीर आधीपासूनच होती. ती माणसं जुन्या कॅथलिक चर्चची, आमची मंडळी वेगळी. लोक खुर्ची द्यायचे, सरबत द्यायचे, ऐकून घ्यायचे आणि रविवारी आपल्याच चर्चला जायचे.

घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा, त्यातला एक नाताळला. तिकडे नाताळची गाणी दुकानांत सप्टेंबरपासून लागतात. त्यामुळे मला घरची आठवण यायलाही सप्टेंबरपासूनच सुरुवात झाली. डिसेंबर लागेपर्यंत मी पार कोमेजून गेले होते.

तेव्हाच एक आजी भेटली. गावाच्या टोकाला एकटी राहायची. घराच्या पडवीत लाकडी हातमाग होता आणि त्यावर ती जाड सुती चादरी विणायची. आम्ही फाटकाशी उभ्या राहून ठरलेली वाक्यं म्हणायला लागलो, तर मागावरून न उठता ती म्हणाली, "देव माझ्याकडे आहे. हात कमी पडतायत."

तिच्या पायाशी रिकाम्या नळ्यांची टोपली होती आणि शेजारी रहाटासारखं एक चाक. मी खाली बसले, सुताचं टोक नळीला लावलं आणि चाक फिरवलं. सुरुवातीला सूत सैल पडलं, मग हाताला लय सापडली. भरलेली नळी आजीने उचलून बोटाने दाबून पाहिली. हे कुठे शिकलीस, तिने विचारलं. आईकडे, मी म्हटलं, आणि मला रडूच आलं. घर सोडल्यापासून पहिल्यांदा. माझी जोडीदारीण माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. आजीने दुसरी नळी पुढे केली.

त्यानंतर आम्ही रोज दुपारी तासभर तिच्याकडे जायला लागलो. तिची मुलगी हाँगकाँगला एका घरी कामाला होती, चार वर्षांत आली नव्हती. या नाताळला येईन म्हणाली होती. आजीचे गुडघे कामातून गेले होते, आणि तिची एकच अडचण होती. तिथे नाताळच्या आधी नऊ दिवस, रोज पहाटे चारला चर्चमध्ये प्रार्थना असते. नऊच्या नऊ पहाटा जो जाईल त्याची इच्छा पुरी होते, असं लोक मानतात. चर्च घरापासून मैलभर. अंधारात एवढं चालणं तिला जमेना.

आम्ही नेऊ, असं माझी जोडीदारीण पटकन बोलून गेली. परत येताना आमच्या लक्षात आलं. लोकांना आपल्या मंडळीत आणायला आलो होतो, आणि आता एका आजीला रोज पहाटे दुसऱ्यांच्या चर्चला पोचवणार होतो.

त्या पहाटा मला अजून लख्ख आठवतात. भिवंडीत डिसेंबरात असतो तेवढाच गारवा. आजी आमच्या मध्ये, दोन्ही हात आमच्या खांद्यांवर. घरांसमोर कागदाच्या चांदण्या लावलेल्या, आत दिवे. आपल्याकडचे आकाशकंदीलच जणू. दरवर्षी काकू दिवाळीचा कंदील उतरवला की तो आमच्या दारावर नाताळसाठी आणून लावायच्या, ते मी आजीला चालता चालता सांगितलं. तिला ते फार आवडलं. प्रार्थना संपली की चर्चबाहेर बायका केळीच्या पानावर तांदळाचा केक भाजायच्या, वर निखारे आणि खाली निखारे. आपल्या कोकणातल्या पानगीसारखाच, फक्त जाडजूड आणि गोड. आजी तिघींसाठी तीन घ्यायची आणि आपल्यातलाही अर्धा मला द्यायची. मी बारीक झालेय असं तिचं म्हणणं होतं.

सहाव्या दिवशी आमचे वरिष्ठ भेटीला आले. साठीच्या पुढचे, मृदू बोलणारे गृहस्थ. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी रागावून काही म्हटलं नाही. आजीला मदत करा, दिवसा करा, पण पहाटे घराबाहेर पडणं नियमात बसत नाही, आणि लोकांचा आपल्याविषयी गैरसमज होतो, एवढंच ते बोलले. मी मान हलवली. संध्याकाळी आजीला जाऊन सांगितलं. बरं, म्हणाली ती.

सातव्या पहाटे घंटा वाजली तेव्हा मी जागीच होते. वरच्या पलंगावर जोडीदारीणही जागी होती, तिच्या श्वासावरून कळत होतं. आम्ही उठलो नाही.

उजाडल्यावर पाव विकणारी बाई सांगत आली की तुमची म्हातारी बंद दुकानाच्या पायरीवर बसलीय. एकटीच निघाली होती. अर्ध्या वाटेत गुडघा अडला, तिथेच बसून राहिली, आणि प्रार्थना होऊन गेली. आम्ही धावत गेलो. ती ओढणी डोक्यावरून घेऊन शांत बसली होती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि माफी मागितली. तुझी नऊ मोडली, माझ्यामुळे मोडली, असं काहीतरी तिच्या भाषेत तोडकंमोडकं म्हणत राहिले.

"आठ काय नि नऊ काय," ती म्हणाली. "मी देवाशी सौदा करायला जात नाही. पहाटे सगळं गाव एका जागी असतं. मला ते बघायला आवडतं. आता उठव मला."

पुढच्या दोन्ही पहाटा आम्ही तिला घेऊन गेलो. न विचारता गेलो. नंतर वरिष्ठांना मी फोनवर तसं सांगितलं. त्यांनी आजीचा गुडघा कसा आहे ते विचारलं आणि दुसऱ्या विषयावर गेले.

मुलगी आली नाही. मालकिणीने सुट्टी नाकारली. नाताळच्या दिवशी आजीने आम्हालाच जेवायला बोलावलं, आणि तिच्या पडवीतून मी घरी फोन लावला. आईने पहिल्यांदा विचारलं ते जेवलीस का. पप्पा कामावर होते. भिवंडीत लूमला सुट्टी शुक्रवारची, आणि त्या वर्षी नाताळ शुक्रवारी आला नव्हता. काकूंनी करंज्या पाठवल्या होत्या. आईचा आवाज ऐकून मला पुढे बोलवेना, तेव्हा आजीने हात पुढे केला आणि फोन घेतला.

ती तिच्या भाषेत बोलू लागली, आई मराठीत. आजी मधेच नळ्यांच्या टोपलीकडे बोट दाखवायची, जणू आईला ती दिसतच होती. आई काय म्हणत होती ते मला ऐकू येत नव्हतं. चांगली पाच मिनिटं दोघी बोलल्या. फोन ठेवून आजी म्हणाली, तुझी आई चांगली बाई आहे.

जानेवारीत माझी बदली दुसऱ्या गावी झाली. आजीची मुलगी त्यानंतरच्या पावसाळ्यात आली, असं जोडीदारिणीने पत्रातून कळवलं. आजीला मी परत पाहिलं नाही.

दीड वर्षाने घरी आले तेव्हा मंडळीत सगळ्यांनी विचारलं की तिथे किती जण आपल्यात आले. मी खरं ते सांगितलं, माझ्यामुळे कुणीच नाही. काही जण हळहळले. आईने ते विचारलंच नाही. त्या रात्री माझं जेवण होईपर्यंत ती समोर बसून होती. मग म्हणाली, "ती बाई मला सांगत होती ना, की तू तिथे नीट खात नाहीस?"

मी म्हटलं, हो, तेच सांगत होती.