कोंबड्यांना लागतो तो उजेड

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. पावसाळ्यात पंधरा-पंधरा दिवस ऊन दिसेनासं झालं की दरवर्षी माझं मन खाली बसतं. सकाळी उठवत नाही, सारखं गोड खावंसं वाटतं, कारण नसताना रडू येतं. लग्न होऊन कोडोलीत आले आणि याला 'अंग चोरणं' असं नाव मिळालं.

त्या पावसाळ्यात मला चौथा महिना होता. सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या गर्भसंस्कार वर्गात माझं नाव घातलं. तिथल्या बाई कायम हसऱ्या. "आईचं रडणं थेट बाळाच्या नसांत उतरतं," त्या म्हणाल्या, "म्हणून आपण हसायचं." सगळ्या गर्भवती आज्ञाधारकपणे हसल्या. मला तेवढंही जमेना.

मी म्हटलं, "बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून होतात, ती पहिल्या महिन्यातच मिटते. तेव्हा दिवस गेल्याचं आपल्यालाही धड ठाऊक नसतं. फॉलिक ॲसिडची गोळी त्याआधीपासून हवी. ते इथं कुणी सांगतं का?"

"तुमच्यात फार नकारात्मकता आहे," बाई म्हणाल्या. बाकीच्यांवर परिणाम होतो, उद्यापासून येऊ नका, हेही त्यांनी हसतच सांगितलं.

पण ते नसांचं वाक्य माझ्या मानगुटीवर बसलं. सगळं ठाऊक असूनही रडू आलं की मी पोटावर हात ठेवून माफी मागायची.

शेवटी डॉक्टरबाईंकडे गेले. "डोळ्यांत पुरेसा उजेड गेला नाही की मेंदूतलं घड्याळ मागं पडतं. झोपेचं संप्रेरक सकाळीही रेंगाळतं," त्या म्हणाल्या. "रडलात म्हणून बाळाच्या नसा बिघडत नाहीत. पण ही उदासी अंगावर काढू नका." रोज सकाळी अर्धा तास प्रखर दिव्यासमोर बसायचं आणि दोन आठवड्यांनी परत दाखवायचं, असं ठरलं.

घरी सासरे, म्हणजे मामा, म्हणाले, "दिव्याम्होरं बसून कुठं मन बरं हुतंय व्हय?"

मामांची अंडी देणाऱ्या कोंबड्यांची शेड आहे. मी विचारलं, "मामा, शेडमधले दिवे पहाटेच का लावता?"

"उजेड कमी पडला की अंडी देत न्हाईत. डोस्क्यात उजेड जावा लागतोय त्यांच्या."

"मग माझ्या?"

मामांनी बराच विचार केला. "तू काय अंडी देणार हायस?" एवढं बोलून ते शेडकडं गेले.

दुसऱ्या दिवशी मात्र डॉक्टरबाईंनी लिहून दिलेला दिवा त्यांनीच कोल्हापुरातून आणला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवला. रोज समोर घड्याळ घेऊन बसायचे. मी पाच मिनिटं आधी उठले तर म्हणायचे, "अजून हाय की टाइम."

तिसऱ्या आठवड्यात मी आपणहून उठून चहा ठेवला. आत्या म्हणाल्या, "आलीस का माणसात?" मी कप घेऊन दिव्यासमोर जाऊन बसले.

मुलगी थंडीत झाली, धडधाकट. यंदा जून लागायच्या आधीच मी दिव्यासाठी डॉक्टरबाईंची वेळ घेतली. आत्यांना सांगितलं नाही.