फाटकाबाहेरची हजेरी

भाजी घेऊन परतताना शाळेपाशी थबकले. घंटा होऊन गेली होती, फाटकाला कुलूप लागलं होतं आणि बाहेर दुसरीतली वाटावी अशी एक मुलगी दप्तर घेऊन उभी होती. आत राष्ट्रगीत सुरू झालं तशी ती रस्त्यावरच सावधान झाली. शेजारून रिक्षा गेली तरी हलली नाही. आत मात्र पोरं एकमेकांना ढोसत होती.

"सोडा की हो तिला," मी शिपायाला म्हटलं.

"उशीर झाला की घरी पाठवायचं, ताई. नियम आहे."

एवढ्याशा पोरीला उशीर होतो, म्हणजे तो घरातल्या कुणा मोठ्या माणसाला झालेला असतो. ती काय स्वतःची वेणी स्वतः घालते? पण यांची शिस्त बरोबर सगळ्यात बारक्या मानेवर जाऊन बसते.

तेवढ्यात फाटकालगतच्या वर्गात हजेरी सुरू झाली. नावं बाहेर ऐकू येत होती. एका नावाला आतून कुणी ओ दिली नाही. मुलीनं फाटकाच्या गजांना तोंड लावलं आणि मोठ्यानं म्हणाली, "हजर, बाई."

बाईंनी वर पाहिलं, उठल्या, आणि खिडकी लावून घेतली.