झेविरा म्हणजे काय?

माझा धाकटा भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवतो. हातात कला ठासून भरलेली, डोक्याचं मात्र विचारू नका. त्याला मुलगी झाली तेव्हा मी चांगली साधीसुधी सात नावं सुचवली. यानं ठेवलं झेविरा! अर्थ विचारला की दरवेळी नवा. सासऱ्यांना सांगितलं ‘पहाटेचा वारा’, न्हाव्याला ‘शूर राणी’ आणि मला, सख्ख्या बहिणीला, ‘एक दुर्मीळ पक्षी’.

पोरीनं हे अर्थ वहीत उतरवून ठेवले. नऊ वर्षांची होईपर्यंत अकरा जमले. मग बाईंनी सांगितलं, सोमवारी प्रत्येकानं वर्गात आपल्या नावाचा अर्थ सांगायचा. पोरगी वही घेऊन थेट बापाच्या कामाच्या खोलीत आली. मी तिथेच त्याचे ब्रश धूत होते.

“बाबा, यातला खरा कुठला? सगळे हसतील मला. मी शाळेत जाणारच नाही.”

भाऊ खाली मान घालून रंग ढवळत राहिला.

“बोल की,” मी म्हणाले. “पक्षी उडाला वाटतं?”

तो उठला आणि कपाटामागून एक पाटी ओढून काढली. निळ्यावर पिवळं ‘झेविरा’. झची शेपटी अशी वळवलेली की बघत राहावं. खाली बारीक अक्षरं पुसल्याचा डाग.

“एका गादीवाल्यानं सांगितली होती. नाव त्याच्या जावयानं कुठूनसं आणलेलं. गादीवाल्याची बायको म्हणाली, यात गादी कुठे आहे? झालं, पाटी रद्द! त्याच आठवड्यात तू झालीस.”

“गाद्यांच्या दुकानाचं नाव! माझ्या भाचीला!” मी कपाळावर हात मारला.

“पाटी पुसून दुसरी करायची होती गं ताई. तीनदा फडकं उचललं. इतकं सुंदर मी कधी काढलंच नव्हतं. नाही पुसवलं.”

पोरगी झच्या शेपटीवरून बोट फिरवत बसली. मला वाटलं, आता भोकाड पसरणार.

सोमवारी ती पाटी शाळेत कोणी वाहून नेली? मीच. वर्गाच्या दारात घामाघूम उभी होते. पोरगी पुढे आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “झेविरा म्हणजे बाबांना जे पुसवलं नाही ते.”

कोणी हसलं नाही. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मग तिनं खालच्या डागावर बोट ठेवलं. “इथे ‘गाद्या व उशा’ होतं. ते पुसलं.”